ऑफिससाठी इंकजेट निवडताना: पानाचा खरा खर्च कसा काढायचा

आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरच्या कुशीला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीन रकाने: तारीख, काउंटरचा आकडा आणि काय घातले. बाटली, कार्ट्रिज, मेंटेनन्स बॉक्स (वाया गेलेली शाई साठवणारे खोके), जे असेल ते. हा कागद लावण्याआधी आम्ही दोन प्रिंटर खोक्यावरचे आकडे वाचून घेतले आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलो. पहिल्यांदा यंत्र स्वस्त म्हणून घेतले, तर शाईने कंबरडे मोडले. दुसऱ्यांदा शाई स्वस्त म्हणून घेतले, तर आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) चोंदले. दोष यंत्रांचा फारसा नव्हता. आपण महिन्याला किती पाने काढतो आणि कशी काढतो, हेच आम्हाला माहीत नव्हते.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी स्वतःच्या पानांचा हिशेब, मग शाईचा, आणि यंत्राची वैशिष्ट्ये सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: महिनाभर नुसते मोजा

जुना प्रिंटर असेल तर त्याच्या पोटात काउंटर असतोच. मेन्यूत शिरून स्टेटस रिपोर्टचे पान काढले की आजवर किती पाने छापली, हे कळते; बऱ्याच यंत्रांवर काळी किती आणि रंगीत किती, हेही वेगळे दिसते. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर त्याचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून हीच माहिती बहुधा जागेवर बसून बघता येते. महिन्याच्या पहिल्या दिवशी आकडा लिहा, शेवटच्या दिवशी पुन्हा लिहा, वजाबाकी करा. ऑफिसात प्रिंटरच नसेल तर बाहेरून काढलेल्या प्रिंटची बिले चाळा. नाहीतर कागदाच्या रिमा मोजा: एका रिममध्ये ५०० कागद.

एका महिन्यावर विसंबू नका. वर्षअखेर, परीक्षा, टेंडर, ऑडिट, ज्याच्या त्याच्या धंद्याचा एक सुगीचा हंगाम असतो आणि त्या महिन्यात पाने तिप्पट होतात. जमल्यास एक शांत महिना आणि एक धावपळीचा महिना, दोन्ही मोजा.

आकड्यासोबत आणखी तीन गोष्टी टिपून ठेवायच्या. रंगीत पानांचा वाटा किती, ही पहिली. पान किती भरलेले असते, ही दुसरी. साध्या पत्राचे काळे पान साधारण ५ टक्के शाईने झाकलेले असते, आणि पानांचे बरेचसे हिशेब याच अंदाजावर चालतात. पण लेटरहेडवर वरपासून खालपर्यंत रंगीत पट्टा असेल, किंवा तक्त्याच्या पहिल्या ओळीत गडद निळा भरायची एखाद्याला हौस असेल, तर ते ५ टक्के बघता बघता १५ होतात आणि खोक्यावरची ४,००० पाने तेराशेंच्या आसपास येतात. आमच्याकडे एका अहवालाचे मुखपृष्ठ पूर्ण पानभर गडद रंगाचे होते. तो अहवाल महिन्याला वीस प्रतींत निघायचा आणि निळ्या कार्ट्रिजचा जीव त्या वीस पानांतच जायचा.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही: दोन छपायांमध्ये किती दिवसांचा खंड पडतो. रोज वीस पाने काढणारे ऑफिस आणि महिन्यातून एकदाच चारशे पाने काढणारे ऑफिस यांची बेरीज जवळपास सारखी येते, पण दोघांनी एकच प्रिंटर घेऊ नये. का, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: शाई कशात भरलेली आहे, ते ओळखा

बाजारातले इंकजेट शाईच्या साठ्यावरून ढोबळमानाने चार प्रकारचे.

सगळ्यात स्वस्त यंत्रांत दोनच कार्ट्रिज असतात, एक काळे आणि एक तिरंगी. छपाईचे हेड कार्ट्रिजलाच चिकटलेले असते. तिरंगीत एक रंग संपला की उरलेले दोन रंग शाई शिल्लक असतानाही कचऱ्यात जातात. यातून निघणारी पाने शे-दीडशे ते पाचशेच्या घरात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ती हीच. तरीही यांचा एक गुण मी शेवटपर्यंत मानतो: कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. हेड चोंदले तर यंत्र दुरुस्तीला न्यावे लागत नाही.

दुसरा प्रकार चार वेगवेगळ्या कार्ट्रिजचा: काळा, निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा. जो रंग संपला तोच बदलायचा. हेड बहुतेक वेळा यंत्रातच पक्के बसवलेले असते. 'ऑफिस इंकजेट' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रांचा हा प्रकार. त्यात साधी आणि एक्सएल अशी दोन मापांची कार्ट्रिज मिळतात. साधे कार्ट्रिज कधीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्सएलची किंमत दीडपट असली तरी पाने बहुधा दुपटीहून जास्त निघतात. एकदा भागाकार करून खात्री करून घ्या.

तिसरा प्रकार टँकचा. बाटली उघडायची, टाकीत ओतायची, पातळी डोळ्यांनी बघायची. लोक साध्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून हा उद्योग आधीपासून करतच होते. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर, सगळ्यांनीच तो मार्ग धरला. इथे यंत्र महाग आणि शाई स्वस्त, म्हणजे आधीचे गणित बरोबर उलटे.

चौथा प्रकार मोठ्या ऑफिसांचा. त्यात शाईच्या मोठ्या पिशव्या असतात आणि एका पिशवीतून हजारोंनी पाने निघतात. काही यंत्रांत हेड पानाच्या पूर्ण रुंदीचे असते. ते जागचे हलत नाही, त्याच्याखालून कागद पळतो. एचपीने २०१३ मध्ये आणलेल्या अशा ऑफिस प्रिंटरच्या हेडला ४२,२४० नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक भोके, होती आणि मिनिटाला ७० पानांपर्यंत वेग होता. महिन्याला काही हजार पाने नसतील तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: 'इतकी पाने' म्हणजे नेमकी कुठली पाने

खोक्यावर '४,५०० पाने' लिहिलेले असते आणि त्यावर एक बारीक चांदणी असते. ती चांदणी तळटीपेपर्यंत शोधत जा.

कार्ट्रिजची पाने मोजायला आयएसओ/आयईसी २४७११ नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि छापायची पाने २४७१२ या प्रमाणात ठरवून दिलेली आहेत: रंगीत मजकूर, चित्रे, आलेख असलेल्या पाच पानांचा एक संच. किमान तीन यंत्रे आणि नऊ कार्ट्रिज घेऊन, साधारण २३ अंश सेल्सिअसच्या खोलीत, शाई फिकी पडेपर्यंत किंवा यंत्र स्वतःहून थांबेपर्यंत हा संच छापत राहायचा. यंत्रासोबत पहिल्यांदा येणारे कार्ट्रिज या मोजणीत धरत नाहीत, कारण त्यातली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते. नव्या प्रिंटरमधले पहिले कार्ट्रिज इतक्या लवकर कसे संपले, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे अर्धे उत्तर हे. उरलेले अर्धे असे की सोबत येणारे कार्ट्रिज बऱ्याचदा अर्धेमुर्धेच भरलेले असते.

ही चाचणी प्रामाणिक आहे, पण ती जवळपास सलग छपाईची आहे. तुमचा प्रिंटर सकाळी दोन पाने, दुपारी एक, मग शुक्रवारी सात, असा चालतो. दर वेळी जागा होताना तो हेड साफ करतो, त्यात शाई जाते, आणि ती या आकड्यात पूर्णपणे येत नाही.

टँकच्या प्रिंटरचे आकडे आणखी एक पाऊल दूर असतात. तळटीपेत बऱ्याचदा असे असते की २४७१२ चीच पाने वापरली आहेत, पण मोजणी कंपनीने स्वतःच्या पद्धतीने, छपाईची नक्कल (सिम्युलेशन) करून काढली आहे. ही लबाडी नव्हे. पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना पाच-दहा टक्क्यांच्या फरकावरून भांडत बसू नये, एवढे मात्र नक्की.

मिलिलिटरवरून तुलना तर अजिबात करू नका. एप्सनची ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची आणि तिच्यावर ४,५०० पाने सांगितलेली. एचपीची जीटी५३ काळी बाटली ९० मिलिलिटरची आणि तिच्यावर ४,००० पाने. भागाकार केला तर पहिलीत एका पानाला सुमारे ०.०१४ मिलिलिटर आणि दुसरीत ०.०२२. पाण्याचा एक थेंब ०.०५ मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे एका थेंबात दोन-तीन पाने! शाई वेगळी, हेड वेगळे, मोजायची रीत वेगळी; त्यामुळे 'आमच्या बाटलीत शाई जास्त' हे वाक्य दुकानात ऐकले तर मान डोलवायची आणि पानांचा आकडा विचारायचा.

चौथी पायरी: भागाकार

सूत्र एका ओळीचे आहे. काळ्या पानाचा खर्च म्हणजे काळ्या कार्ट्रिजची किंमत भागिले त्याची पाने. रंगीत पानाचा खर्च म्हणजे चारही रंगांचे असे भागाकार करून केलेली बेरीज.

एक उदाहरण करून बघू. चलन कुठलेही असो, स्वस्त प्रिंटरची किंमत १०० धरा. त्याच्या काळ्या कार्ट्रिजची किंमत २० आणि पाने ५००. तीन रंगांची कार्ट्रिज प्रत्येकी १५ ची आणि प्रत्येकाची पाने ४५०. म्हणजे काळे पान ०.०४ ला पडले. रंगीत पानात तीन रंगांचे ०.१० आणि काळ्याचे ०.०४, मिळून ०.१४.

शेजारी टँकचा प्रिंटर, किंमत २५०. काळी बाटली १० ची, पाने ५,०००. तीन रंगांच्या बाटल्या मिळून ३० च्या आणि त्यांची पाने ७,५००. काळे पान ०.००२, रंगीत पान ०.००६.

आता महिन्याला ५०० पाने धरा, त्यातली १५० रंगीत. पहिल्या यंत्रावर महिन्याची शाई ३५ ची, म्हणजे तीन महिन्यांत शाईने प्रिंटरची किंमत ओलांडली. दुसऱ्यावर महिन्याची शाई १.६ ची. खरेदीतला १५० चा फरक साडेचार महिन्यांत भरून निघतो. इथे विचार करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तेच महिन्याला ६० पाने असतील आणि रंगीताचे प्रमाण तेवढेच असेल, तर पहिल्याचा महिन्याचा खर्च ४.२ आणि दुसऱ्याचा ०.२ च्या आतबाहेर. फरक भरून निघायला तीन वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. तीन वर्षे हे छोट्या इंकजेटचे बऱ्यापैकी आयुष्य झाले. तोवर रोलर घासतील, हेड कुरकुरेल, किंवा ऑफिसला दुसरेच काहीतरी हवे असेल. इथे निवड खर्चावर होत नाही, सोयीवर आणि खंडावर होते.

हा तक्ता स्प्रेडशीटमध्ये मांडा. सहा रकाने पुरे: यंत्राची किंमत, काळे पान, रंगीत पान, महिन्याची काळी पाने, महिन्याची रंगीत पाने, आणि ३६ महिन्यांची बेरीज. दुकानात उभे राहून मोबाइलवरही होतो. किंमत प्रिंटरची नव्हे, तर ३६ महिन्यांच्या बेरजेची बघायची.

या बेरजेत मेंटेनन्स बॉक्स घालायला विसरू नका. हेड साफ करताना निघणारी शाई कुठेतरी जातेच. स्वस्त यंत्रांत ती तळाशी बसवलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते, आणि पॅड भरल्याची गणती पूर्ण झाली की प्रिंटर संदेश दाखवून ठप्प होतो. यंत्र धडधाकट असते, पण सर्व्हिस सेंटर गाठल्याशिवाय एक पान निघत नाही. जरा वरच्या यंत्रांत हेच पॅड एका छोट्या खोक्यात असते. मागचे झाकण उघडून कुणालाही दोन मिनिटांत बदलता येते. ऑफिससाठी घेताना मी हे झाकण आहे की नाही, ते आधी बघतो, मग बाकीचे.

पाचवी पायरी: यंत्र स्वतः किती शाई पिते

हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेले नसते. पण घरच्या घरी मोजता येते, आणि मोजताना मजाही येते.

चार स्वतंत्र कार्ट्रिज असलेला प्रिंटर असेल तर एक ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. काळे कार्ट्रिज काढून वजन करा, परत बसवा. मग दोन आठवडे नेहमीसारखे काम करा, काउंटर टिपून ठेवा, आणि पुन्हा वजन करा. या शाईत बहुतांश पाणीच असते, त्यामुळे एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर धरायला हरकत नाही. आता तेवढीच पाने एका बैठकीत सलग छापून तिसऱ्यांदा वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे यंत्राने प्यायलेली शाई. मात्र कार्ट्रिज रोज काढ-घाल करू नका. काही प्रिंटर कार्ट्रिज पुन्हा बसवले की नव्याने शाई ओढतात आणि मोजमापच बिघडते.

टँकवाल्यांना काटा लागत नाही. टाकीवर मार्करने रेघ मारा, तारीख घाला, काउंटर लिहा.

आमच्या जुन्या प्रिंटरवर हा प्रयोग केला तेव्हा तुरळक वापराच्या पंधरवड्यात पानांवर उतरलेल्या शाईपेक्षा सफाईत गेलेली शाई जास्त भरली. तेव्हापासून माझ्या तक्त्यात एक गुणक असतो: रोज छपाई असेल तर पानाचा खर्च १.१ ने गुणायचा, आठवड्यातून एक-दोनदा असेल तर दीडने, त्याहून तुरळक असेल तर दोनने. हा माझा ठोकताळा आहे, प्रमाण नव्हे. तुमचा काटा वेगळे सांगेल तर काट्याचे ऐका. टँकमध्ये वाया गेलेली शाई खिशाला जाणवत नाही, पण मेंटेनन्स बॉक्स मात्र तितक्याच वेगाने भरतो.

काळीच पाने काढतो, तरी रंग कसे संपतात? हा प्रश्न हमखास येतो. एक तर सफाईत सगळेच रंग जातात. दुसरे म्हणजे ड्रायव्हरमध्ये (संगणकातल्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये) ग्रेस्केल, म्हणजे नुसती काळी-करडी छपाई, निवडलेले नसेल तर प्रिंटर काळ्या भागांतही रंग मिसळू शकतो, विशेषतः कागद फोटोचा निवडलेला असेल तर. म्हणून सगळ्या संगणकांवर ग्रेस्केल आणि साधा कागद हेच मूळ सेटिंग करून ठेवा. ज्याला रंग हवा तो निवडून घेईल. काही यंत्रे एक रंग संपला की काळेही छापत नाहीत. ही खोड विकत घेण्याआधीच विचारून घ्यायची.

आता खंडाची गोष्ट. इंकजेटचे हेड छपाई नसताना एका रबरी टोपीवर जाऊन बसते, म्हणजे नोझल सुकत नाहीत. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड तिथे नीट पोहोचते. आमच्याकडे सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी वीज वाचवायला म्हणून छपाई चालू असतानाच एक्स्टेन्शन बोर्डाचा खटका दाबला. हेड अर्ध्या वाटेत उघडे राहिले. तीन आठवड्यांनी नोझल चेकचे, म्हणजे सगळे रंग नीट उमटतात का ते दाखवणारे, पान काढले तर पिवळा पूर्ण गायब आणि काळ्याच्या जाळीत दात पडलेले. चार वेळा सफाई केली, टाकी बोटभर खाली गेली, पिवळा काही आला नाही. हेड बदलायचा खर्च विचारला, तर नवा प्रिंटर घेणेच बरे, अशी स्थिती.

तेव्हा महिन्यातून एकदाच छपाई होत असेल, तर टँकच्या स्वस्त शाईला भुलू नका. एक तर हेड कार्ट्रिजलाच असलेला साधा प्रिंटर घ्या, किंवा रंग नकोच असेल तर सरळ काळा लेझर. टोनर ही कोरडी भुकटी. ती सुकायचा प्रश्नच नाही. टँक घेतलाच असेल, तर आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान काढायचे, आणि हे काम कुणाच्या तरी नावावर लिहून द्यायचे. 'कुणीतरी काढेल' म्हटले की कुणीच काढत नाही.

सहावी पायरी: पैसे कुठल्या वैशिष्ट्याला मोजायचे

टँक घेतल्यावर एक गंमत होते. काळ्या पानाच्या शाईचा खर्च कोऱ्या कागदाच्या किमतीखाली जातो. म्हणजे बचत आता शाईत उरत नाही, कागदात उरते. त्यामुळे आपोआप पाठपोट छापणारा ड्यूप्लेक्स मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हाताने पाने उलटून घालायची असतील तर पहिल्या आठवड्यानंतर कुणी ते करत नाही, आणि अर्धी रिम उलटी छापली जाते ती वेगळीच. फक्त एवढे लक्षात ठेवा: इंकजेटला एक बाजू वाळेपर्यंत थांबावे लागते, म्हणून पाठपोटचा वेग बराच कमी पडतो. पातळ कागदावर शाई मागे उमटतेही. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद असेल तर निभावते.

वेगाबद्दल. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा ड्राफ्टचा, म्हणजे फिक्या घाईच्या छपाईचा असतो. खरा तुलनेचा आकडा आयएसओ/आयईसी २४७३४ नुसार मोजलेला, आणि तो 'आयपीएम' (मिनिटाला किती पाने) म्हणून लिहितात. एप्सनच्या एल३१५० या लोकप्रिय यंत्राचेच बघा: ड्राफ्टचा वेग मिनिटाला ३३ पानांपर्यंत, आणि प्रमाण चाचणीत काळी १०, रंगीत ५. तुम्ही सकाळी एकदम साठ पाने काढणारे असाल तर हा फरक सहा मिनिटे आणि दोन मिनिटे असा समोर उभा राहतो. एकेक पान काढणारे असाल तर वेग विसरा, पहिले पान किती सेकंदांत येते ते बघा. इथे इंकजेट लेझरला मागे टाकू शकतो, कारण त्याला काही तापवायचे नसते. त्याच कारणाने विजेचा खर्चही नगण्य: छापताना इंकजेट दहा-वीस वॉट खातो, लेझरचा फ्यूजर (टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग) तापताना शेकड्यांनी.

शाई कुठल्या जातीची, हे मात्र वेळ काढून तपासा. पिगमेंट शाईचे कण कागदावर बसतात, पाण्याला दाद देत नाहीत. डाय शाई कागदात मुरते, फोटोत खुलते, पण ओल्या बोटाने पसरते. ऑफिसच्या कागदांवर हायलायटर फिरतो, सही-शिक्का होतो, पावसात फाइल भिजते. तेव्हा निदान काळा तरी पिगमेंट हवा. बऱ्याच यंत्रांत काळा पिगमेंट आणि तीन रंग डाय, अशी जोडी असते. काही टँकमध्ये चारही डाय असतात. दुकानात एक पान काढायला लावा, पाच मिनिटे थांबा, अक्षरांवर पाण्याचा थेंब टाका आणि बोट फिरवा. तपशिलाचा कागद वाचण्यापेक्षा हे जलद होते.

स्कॅनरवर कागद आपोआप ओढणारा फीडर, म्हणजे एडीएफ, दहा पानांचे दस्तऐवज रोज स्कॅन करणाऱ्यांना हवाच. साधा एडीएफ एकच बाजू वाचतो. दोन्ही बाजू एका फेरीत वाचणारा महाग असतो आणि तो फक्त पाठपोट कागद सतत येत असतील तरच परवडतो. लीगल आकाराचे कागद येत असतील तर काचेची लांबी मोजून घ्या, कारण बऱ्याच यंत्रांची काच ए-४ एवढीच असते.

ट्रेकडे लोक बघत नाहीत. मागून उभे कागद घालायचे यंत्र शंभरेक कागद घेते, त्यावर धूळ बसते आणि दमट हवेत कागद वाकतो. खालचा बंद ट्रे २५० कागदांचा असला की निम्मी रिम एकदम बसते. चार-पाच जण एकच प्रिंटर वापरणार असतील तर केबलने नेटवर्कला जोडायची सोय बघा. वाय-फाय चालते, पण 'प्रिंटर ऑफलाइन' हा संदेश ज्याने भर कामात पाहिला आहे त्याला इथरनेटची किंमत कळते. पगारपत्रके किंवा गोपनीय कागद निघत असतील तर पिन टाकल्यावरच पान बाहेर सोडणारी सोय हवी. मोठा रंगीत टचस्क्रीन, मेमरी कार्डची खाच, कडेपर्यंत फोटो, यांना ऑफिसात मी एक पैसाही जास्त मोजणार नाही.

ड्यूटी सायकल आणि शिफारस केलेली मासिक पाने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे यंत्र एखाद्या महिन्यात जास्तीत जास्त किती झेपवेल, आणि दुसरी म्हणजे रोजच्या रोज किती काम दिले तर ते सुखाने नांदेल. दुसरी पहिलीच्या अगदी छोट्या हिश्श्याएवढी असते. आपली पाने दुसऱ्या आकड्यात बसतात का, ते बघा. वॉरंटीतही 'इतकी वर्षे किंवा इतकी पाने, जे आधी होईल ते' अशी ओळ असते, ती ओळ चुकवू नका.

सातवी पायरी: दुसऱ्या कंपनीची शाई आणि महिन्याची वर्गणी

बाहेरची शाई घ्यावी का? माझा नियम हेडवर ठरतो. हेड कार्ट्रिजलाच असेल तर खुशाल प्रयोग करा. बिघडले तर कार्ट्रिज गेले, यंत्र वाचले. हेड यंत्रात पक्के असेल तर टाळा, आणि टँकमध्ये तर मूळ बाटलीच इतकी स्वस्त असते की धोका पत्करण्यात हशील नाही. कार्ट्रिजवर चिप असते; फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट झाल्यावर कालपर्यंत चालणारे बाहेरचे कार्ट्रिज आज नाकारले जाऊ शकते. कायद्याच्या बाजूने बघायचे तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितले की कार्ट्रिज एकदा विकल्यावर कंपनीचा त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, पुन्हा भरून विकणाऱ्यावर त्या पेटंटचा दावा चालत नाही. पण दावा चालत नाही म्हणून चिप काही गप्प बसत नाही.

काही कंपन्या शाई विकण्याऐवजी पाने विकतात: महिन्याला ठराविक पानांची वर्गणी, शाई घरपोच. यात काळे पान आणि काठोकाठ रंगीत पान एकाच दराने मोजले जाते. म्हणून रंगीत पत्रके काढणाऱ्याला हा सौदा लाभाचा आणि साधी पत्रे काढणाऱ्याला आतबट्ट्याचा. वर्गणी थांबवली की पाठवलेली कार्ट्रिज शाई असूनही चालेनाशी होतात, न वापरलेली पाने पुढच्या महिन्यात ठराविक मर्यादेपर्यंतच जातात, आणि प्रिंटर इंटरनेटला जोडलेला ठेवावा लागतो. वरच्याच तक्त्यात वर्गणी भागिले प्रत्यक्ष काढलेली पाने असा रकाना घाला. करारातली पाने तिथे घालू नका, काउंटरवरची घाला.

आठवी पायरी: यंत्र घरी आल्यावर पहिला आठवडा

खोके फोडल्यावर आधी प्रिंटर सपाट टेबलावर ठेवा. टँकचे यंत्र तिरके झाले की शाई सांडते आणि नळीत हवा शिरते. पुढे हलवायचे झाले तरी कुशीवर झोपवू नका. शाई भरताना रंगाचे तोंड तपासा. नवीन बाटल्यांच्या तोंडाला खाचा असतात, चुकीच्या टाकीत त्या बसतच नाहीत. जुन्या पद्धतीच्या बाटलीत मात्र तुमचेच डोळे आणि तुमचाच हात. पहिल्या वेळी यंत्र बराच वेळ घुर्र घुर्र करत शाई ओढते आणि टाकीची पातळी दिसेल इतकी उतरते. घाबरू नका, ती नळ्यांत गेली.

मग नोझल चेकचे पान काढा आणि मागे तारीख घालून फाइलला लावून ठेवा. निरोगी हेड कसे दिसते, याचा हा पुरावा. सहा महिन्यांनी फिके पडले की नाही, हे आठवणीवर ठरत नाही. ठिपके गळत असतील तर एकदा सफाई करा, बारा तास थांबा, मग दुसऱ्यांदा. लागोपाठ चार-पाच वेळा सफाई करण्याने शाई आणि मेंटेनन्स बॉक्स दोन्ही जातात, आणि अडकलेली शाई तेवढ्या वेळात सैल होतेच असे नाही.

ड्रायव्हरमध्ये पाठपोट, ग्रेस्केल आणि साधा कागद ही तीन सेटिंग प्रत्येक संगणकावर बसवा. काउंटरचा आकडा कागदावर लिहा आणि कागद यंत्राच्या कुशीला चिकटवा. एक्स्टेन्शन बोर्डाच्या खटक्यावर जाड अक्षरांत पट्टी लावा: आधी प्रिंटरचे बटण, मग हा. आमच्या पट्टीवर लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेले आहे. तीन महिन्यांनी तक्ता पुन्हा उघडून खोक्यावरच्या पानांच्या जागी स्वतःच्या काउंटरवरून निघालेली पाने घाला. पुढची बाटली मागवायची तारीख तिथूनच निघते.